टेंभेकरकाकांचा जुना क्वार्टरबॅक

टेंभेकरकाका भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. "काय, कसं काय?" असंही विचारत नाहीत. अंगावर चालून आल्यासारखे जवळ येतात आणि विचारतात, "जुना की नवा?"

हा प्रश्न त्यांनी आमच्या गल्लीतल्या पोस्टमनला विचारला आहे. दाताच्या डॉक्टरला, स्वतःचंच तोंड उघडं असताना विचारला आहे. यंदा मंडळाच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत एक बाई माझ्यापुढे उभी होती, नुकतीच कॅनडात, आमच्या हॅमिल्टनला राहायला आलेली. तिलाही विचारला. तिला वाटलं, घराची चौकशी चालली आहे. "जुनंच घेतलंय," ती म्हणाली, "बेसमेंटला जरा पाणी येतं, पण बाकी मजबूत आहे." काका इतके खूश झाले की स्वतःच्या द्रोणातला मोदक त्यांनी तिला दिला. "शहाणी आहेस," म्हणाले. आमच्या मिलिंदने मात्र "नवा" असं उत्तर दिलं होतं. मिलिंद म्हणजे माझा नवरा. त्याला कोणत्याही वादात पडायचं नसतं, आणि म्हणूनच तो प्रत्येक वादात सापडतो. त्या दिवसापासून आमची शिडी काकांच्या गॅरेजमध्ये अडकली आहे. मागायला गेलं की ते म्हणतात, "नव्याला सांग नं आणून द्यायला."

माझा स्वभाव गोड नाही, हे आधीच सांगून टाकते. मला शेजारी लांबून आवडतात. पण काकांचं घर आमच्या घराला इतकं लागून आहे की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो. निदान पूर्वी लागायचा. सुमनकाकूंना वसंतात केअर होममध्ये ठेवलं आणि फोडणी बंद झाली. काकूंची आठवण गेली होती. गॅस चालू ठेवून त्या घराबाहेर पडायच्या आणि रस्त्यावरच्या लोकांना नागपूरच्या सीताबर्डीला जाणारी बस विचारायच्या.

काका मूळ नागपूरचे. उभं आयुष्य इथल्या पोलादाच्या कारखान्यात काढलं, पण बोली अजून धरमपेठेतच आहे. इथे आल्यावर त्यांना दोन गोष्टींची सवय लागली, एक थंडी आणि दुसरी युनिव्हर्सिटीच्या पोरांचा फुटबॉल. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. डोक्यावर टोप घालून एकमेकांवर आदळायचं, तो. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि तो कोणाकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे तो ठरवतो. काका मला समजावून सांगताना म्हणाले होते, "घरात सगळं एकीच्या हातातून जाते नं? दूध किती, पाहुणे कोण, पोळ्या कधी टाकायच्या? तसा. पॉइंट समज नं."

गेली कित्येक वर्षं काका आणि काकू घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना बघायला जोडीने जात. काकूंना खेळातलं ओ की ठो कळत नसे. त्या थर्मासमध्ये चहा आणि डब्यात सांबारवड्या न्यायच्या. कोथिंबिरीला नागपूरकडे सांबार म्हणतात. कोणीही पडलं, मग तो आपला असो की समोरचा, की त्या ओरडायच्या, "अहो, पडला बघा तो!" आजूबाजूच्या पोरांना वड्या वाटायच्या. यंदा काकूंची खुर्ची रिकामी राहिली असती, म्हणून काकांनी मला नेलं. मी नाही म्हणणार होते. पण त्यांनी थर्मास स्वतः भरला होता, झाकण नीट लागलं नव्हतं, आणि चहा त्यांच्या पँटवर ठिबकत होता. अशा माणसाला नाही म्हणायला माझ्यापेक्षाही कडू जीभ लागते.

त्याच सामन्यात घात झाला. रायन नावाचा शेवटच्या वर्षाचा पोरगा क्वार्टरबॅक होता. त्याने दोनदा चेंडू थेट समोरच्या संघाच्या हातात दिला. मध्यंतरानंतर कोचने त्याला बसवलं आणि मेसन नावाचा पहिल्या वर्षाचा एक किडकिडीत पोरगा पाठवला. मेसन हरणासारखा पळाला. संघ हरता हरता जिंकला. स्टेडियम उभं राहून नाचत होतं आणि टेंभेकरकाका एकटे कोचला नागपुरीत शिव्या घालत होते. "काहून बे, डोळे फुटले काय तुझे? इतकी वर्षं ज्यानं टीम सांभाळली त्याला बसवून राहिला?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीला ती भाषा इटालियन वाटली. "सो पॅशनेट!" ती म्हणाली.

तेव्हापासून तुलना सुरू झाली. काकांच्या मते जुना थांबतो. चारी दिशांना बघतो, मग फेकतो. नवा नुसता पळतो. जुन्याला आपल्या गड्यांची खोड माहीत आहे, कोण डावीकडे वळतो, कोणाचा गुडघा दुखतो. "नव्याला काय ठाऊक आहे? कालचा पोट्टा तो. काही ठाऊक नाही म्हणून तर खुश आहे!" मंडळाच्या कोजागिरीला त्यांनी मसाला दुधाचे दोन पेले टेबलावर ठेवले, एक जुना, एक नवा. मिठाची बाटली झाली कोच. अर्धा तास त्यांनी ती बाटली अशी काही दरडावली की शेवटी कोणीतरी ती हळूच उचलून नेली. नव्याने सामने जिंकायला सुरुवात केली तसे काका अधिकच कडवट झाले. आपला संघ जिंकल्यावर तोंड पाडून घरी येणारा हॅमिल्टनमधला तो एकच माणूस असावा.

आणि सगळ्यात जास्त राग त्यांना जुन्याचाच यायचा. बसवलेला रायन टोपी घालून रेषेबाहेर उभा असायचा. नवा बाहेर आला की त्याच्या कानात काहीतरी सांगायचा, पाठ थोपटायचा. "पाह्य, टाळ्या वाजवून राहिला!" काका दातओठ खात म्हणायचे. "अबे, तुझी जागा गेली, तुझी! रड नं जरा!"

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, नवा चांगला खेळतोय हो. सोडा आता."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या घरावर दगड टाकला आहे. मग म्हणाले, "चांगला खेळते म्हणून जागा त्याची होते का?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला रिकामपण चावतंय. या देशात म्हातारी माणसं एकतर मॉलमध्ये चकरा मारतात, नाहीतर एखाद्या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागतात. असं मी मिलिंदला म्हटलंही. किती सहज बोलून जातो आपण.

ऑक्टोबरात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं गाडी चालवणं काही दिवस बंद झालं. केअर होममध्ये त्यांना रोज जायचं असतं. बस घेतो म्हणाले, पण डोळ्यावर ढाल लावलेल्या माणसाला माउंटनवर, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला, बसने कोण पाठवेल? मीच निघाले. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "तू खालीच थांब. तिला गर्दी सोसत नाही." गेले काही महिने ते सगळ्यांनाच हे सांगत होते, म्हणून कोणी काकूंना भेटायला जात नव्हतं. पण मला वॉशरूमला जायचं होतं, आणि त्यावर काकांचाही इलाज नव्हता.

वर मोठ्या खिडकीशी काकू बसल्या होत्या. साडी नेसणं सुटलं होतं, ट्रॅकपँट आणि जांभळा स्वेटर आला होता. शेजारी एक उंच, पिकलेला गोरा म्हातारा होता. काकू संत्रं सोलत होत्या. प्रत्येक फोडीची शीर काढायची, बी काढायची, आणि फोड त्याच्या तळहातावर ठेवायची. "अहो, खा नं. गोड आहे," त्या म्हणाल्या. म्हातारा म्हणाला, "थँक यू, डार्लिंग." काकू मराठीत बोलत होत्या, तो इंग्रजीत, आणि एवढा एकमताचा संसार मी तरी कुठे पाहिलेला नाही.

एक नर्स आमच्याजवळ येऊन थांबली. "आर दे नॉट द क्यूटेस्ट? शी कॉल्स हिम अहो. वी ऑल कॉल हिम अहो नाऊ!" मग तिचं लक्ष काकांकडे गेलं. तिने जीभ चावली आणि औषधांची गाडी ढकलत निघून गेली.

मी मिलिंदला मिलिंद म्हणते. मला विसर पडला तर निदान ते नाव तरी त्याच्यापाशी राहील. काकूंनी लग्नाच्या उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, उखाण्यात, तेही आम्ही दारात अडवल्यावर. एरवी "अहो". कॅनडात आल्यावर त्यांनी एकदा इथल्या बायकांचं बघून "विश्वनाथ" म्हणून हाक मारली होती. काकांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं होतं, "लोक काय म्हणतील?" परतताना गाडीत त्यांनीच हे मला सांगितलं. "मारू द्यायची होती हाक," म्हणाले. "नाव असतं तर मलाच चिकटून राहिलं असतं. अहो काय, जो बाजूला बसला तो अहो."

मी सिग्नलला गाडी थांबवली. तेवढ्यात ते ताठ बसले आणि म्हणाले, "त्याचे हात पाहिले? वॉल्टर नाव आहे. स्कूल बस चालवायचा. तिला मसाला चालत नाही, फुलकोबी चालत नाही, उजवा कान ऐकत नाही. त्याला यातलं काय ठाऊक आहे? नुसता हसून राहिला! हसणं म्हणजे काय संसार आहे?" बोलता बोलता आवाज चढला. ही तुलना मी दोन महिने ऐकत होते. फक्त ती कोणाबद्दल आहे हे मला आज कळलं. गाडी चालवता चालवता मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी सांगितलं की त्यांनी तक्रार केली आहे. होमवाल्यांनी पुढच्या आठवड्यात मीटिंग ठेवली होती. काका म्हणतील तर वॉल्टरला वरच्या मजल्यावर हलवता येणार होतं. तो मजला कुलपाचा, मग दोघांची गाठ पडणार नाही. "तू चल," काका म्हणाले, "मी चिडलो की इंग्रजी पळून जाते माझं. कोचनं नाही ऐकलं, हे तरी ऐकतील. बसवतो त्याला बेंचवर."

मी हो म्हटलं. मला ते बरोबरही वाटलं. माणसाने आपल्या बायकोसाठी भांडू नये तर कोणासाठी भांडावं?

पण मीटिंगच्या आधीच वॉल्टर आजारी पडला. छातीत कफ झाला आणि त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. काका खुशीत होते असं म्हणणं पाप होईल, पण त्या दिवशी त्यांनी दाढी गुळगुळीत केली होती आणि ठेवणीतला कोट घातला होता. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. ते जाऊन बसले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तिथं आमचे हे बसतात." काका उठून पलीकडे बसले.

त्या दुपारी काकू जेवल्या नाहीत. रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी नर्स घास भरवायला गेली तर तोंड मिटून घेतलं. होममधल्या कोणालाच कारण कळेना. त्यांनी सूप बदललं, पुडिंग आणलं, डॉक्टरला बोलावलं. काकांना मात्र पहिल्याच ताटाला कळलं होतं. काकूंनी जन्मात कधी नवऱ्याच्या आधी घास घेतला नव्हता. काका रात्रपाळीहून सकाळी येत तोवर त्या उपाशी राहायच्या. त्यावरून मी एकदा त्यांच्याशी भांडलेही होते. सगळं गेलं, नागपूर गेलं, मुलाबाळांशिवाय काढलेली इथली सगळी वर्षं गेली, ही एक सवय तेवढी शिल्लक राहिली होती.

काकांनी स्वतःसाठी ताट मागवलं. तिच्यासमोर बसले आणि उकडलेले बटाटे मोठमोठे घास करून खाऊ लागले. "पाह्य सुमन, मी जेवून राहिलो. झालं माझं. आता तू घे."

"घ्या नं तुम्ही पोटभर," काकू अगत्याने म्हणाल्या. "मी थांबते. आमचे हे यायचे आहेत."

तीन वेळा काकांनी असं ताट घेतलं, तीनदा काकूंनी त्यांना आग्रह करून वाढलं, आणि स्वतः दाराकडे बघत बसल्या. त्या शनिवारी घरचा सामना होता. काका गेले नाहीत. बर्फात, पावसात कधी चुकवला नव्हता असा सामना त्यांनी चुकवला आणि होममध्ये बटाटे खात बसले. संध्याकाळी मी सांगितलं, "नव्याने जिंकवला."

"जिंकू दे," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

मीटिंगच्या आदल्या रात्री उशिरा वॉल्टर परत आला. दुसऱ्या दिवशी काकांचा डोळा तपासून घेऊन आम्ही मीटिंगसाठी थेट होममध्ये गेलो. सकाळपासून काकांच्या आणि माझ्या पोटात काही नव्हतं, आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये अडकल्याने उशीरही झाला होता. मॅनेजरबाई सभ्य होत्या. वरच्या मजल्यावर खोली तयार आहे, म्हणाल्या. तुम्हाला किती त्रास होत असेल हे आम्ही समजू शकतो, म्हणाल्या. इथे सगळ्यांना सगळं समजू शकतं. मी काकांच्या वतीने बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नो मूव्हिंग," ते म्हणाले. "वॉल्टर विल स्टे हिअर."

"आर यू शुअर, मिस्टर टेंभेकर?"

"लंचला त्याची प्लेट आधी आणा," काका सावकाश इंग्रजीत म्हणाले. "हिज प्लेट फर्स्ट. ही ईट्स, देन यू ब्रिंग हर प्लेट. एव्हरी टाइम. नॉट टुगेदर. आणि त्याला सांगा, जेवताना तिच्या डाव्या बाजूला बस. राइट इअर, नो गुड." मग मराठीत मला म्हणाले, "अजून काही राहिलं का, बघ नं. फुलकोबीचं सांगितलं का मी?"

सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मला त्या बाईचा राग आला, वॉल्टरचा आला, आणि खरं सांगायचं तर काकूंचाही आला, ज्यांचा यात काहीच दोष नव्हता.

जेवणाची वेळ झालीच होती. वॉल्टरला चाकाच्या खुर्चीतून आणलं. आजाराने तो अर्धा झाला होता. काकूंनी त्याच्या गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं आणि लटक्या रागाने विचारलं, "कुठं गेले होते इतके दिवस? सांगून जावं नं माणसानं." त्याची प्लेट आधी आली. त्याने थरथरत्या हाताने एक घास घेतला, मग दुसरा. मग काकूंचं ताट आलं. त्यांनी चमचा उचलला आणि भुकेल्या लेकरासारख्या जेवू लागल्या. काका पलीकडच्या भिंतीशी उभे राहून बघत होते. खोलीत बटाट्यांचा आणि ग्रेव्हीचा वास भरला होता. काकूंच्या हनुवटीला थोडं सांडलं तेव्हा त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला, पण वॉल्टरने आपल्या नॅपकिनने ते आधीच पुसलं होतं.

अर्धं ताट संपल्यावर काकूंचं लक्ष आमच्याकडे गेलं. त्या वॉल्टरकडे वाकल्या आणि कुजबुजत्या, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, ते बघा नं. आपल्याच बाजूचे आहेत. भले गृहस्थ आहेत, रोज येऊन बसतात. घरी कोणी नसावं बिचाऱ्यांच्या." मग काकांकडे बघून, पूर्वी दारात आलेल्या कोणालाही म्हणायच्या तशाच, हसून म्हणाल्या, "या नं, दोन घास घ्या आमच्यासोबत."

काकांनी हात जोडले.

"नको वहिनी," ते म्हणाले. "मी जेवून आलो."